सुंदराकाकीचं गाऱ्हाणं

खाडीवर पूल नव्हता, सड्यावर रस्ता नव्हता आणि आमच्या खारवठारचं मीठ बैलांच्या पाठीवरून घाट चढून जायचं, तेव्हाची ही गोष्ट. नेमकं साल विचारू नका. ज्यांना साल माहीत होतं ते गेले, आणि उरलेल्यांतला प्रत्येक जण वेगळं सांगतो. गोष्ट मात्र सगळे एकच सांगतात, आणि मोठ्याने सांगतात. ही गोष्ट हळू आवाजात सांगायची नाही असा आमच्याकडे नियम आहे. तो का पडला तेच आता सांगतो. ज्याला जांभया येत असतील त्याने खुशाल बाहेर फिरून यावं.

खारवठार म्हणजे समोर खाडी, बाजूला मिठागरं आणि पाठीमागे सडा, म्हणजे कातळाचा उघडा माळ. इथलं पोर चालायला लागलं की मिठागरात उतरायचं. मीठ पिकवणाऱ्याच्या पायांचं काय होतं, हे मीठ खाणाऱ्याला कधी कळत नाही. आधी टाचा तडकतात, मग बोटांच्या बेचक्या सडतात, मग त्या भेगांत खारं पाणी शिरतं आणि धडधाकट गडी लहान मुलासारखा ओरडतो. मिठागराचा मालक म्हणायचा, "मीठ पाय खाताच, तेका कोण काय करतलो?" तो स्वतः जाड जोडे घालून बांधावर उभा असायचा, म्हणून त्याला असं बोलणं परवडायचं.

पायांवर औषध नव्हतं असं नाही. होतं, पण ते एकाच घरात होतं. तेव्हा आमच्याकडे औषधांचं असंच होतं. काविळीचं औषध एका घरात, विंचवाचं दुसऱ्या घरात, आणि ज्याचं त्यालाच ठाऊक. औषध सांगितलं की त्याचा गुण जातो, असं सगळे मानायचे. ते सांगायचं फक्त मरताना, एकाच माणसाला, तेही कानात. पायांचं मलम होतं गोपिकाबाईच्या घरात. कोणीही दारात आलं तर ती आत जाऊन, दार लावून, मुठीएवढा गोळा आणून द्यायची. बदल्यात काही घ्यायची नाही. बाई मनाने सोन्यासारखी होती, यात वाद नाही. पण दार लावायची.

या गोपिकाबाईची सून म्हणजे आपली सुंदरा. नाव सुंदरा, पण हात असे खरखरीत की तिने पाठ चोळून दिली तर माणूस आठवडाभर लक्षात ठेवायचा. आवाज त्याहून मोठा. ती मिठागरात हाक मारायची आणि सड्यावरची गुरं मान वर करायची. सासू म्हणायची, "गे बाय, तुझ्या तोंडाक झाकण नाय, तुका औषध कसा सांगू?" म्हणून आज सांगू, उद्या सांगू करत तिने ते राहू दिलं. आणि एका सकाळी गोपिकाबाई अंगणात पडली ती वाचा गेलेलीच उठली.

मरताना तिने सुनेला जवळ बोलावलं. सुंदराने कान तिच्या ओठांना लावला. असं म्हणतात की म्हातारीचे ओठ दिवसभर हलत होते आणि त्यातून एक अक्षर बाहेर आलं नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. औषध तोंडात होतं आणि तोंड उघडून बाहेर येत नव्हतं. संध्याकाळी ती गेली, आणि तिच्याबरोबर सगळ्या गावाचे पायही जळले म्हणा.

त्या वर्षी मिठागरात जे झालं ते सांगताना आजही राग येतो. पाय कुजलेले गडी बांधावर रांगत मीठ ओढत होते. सुंदराचा नवरा लवू, शांत आणि हसरा माणूस, त्याच्या टाचेतला व्रण वर वर चढत गेला. सुंदराने त्याला सगळ्या देवांना दाखवला. माघात लवू गेला. लोक रडत होते, पण सुंदरा रडली नाही. तिने सासूच्या खोलीचं दार बिजागऱ्यांसकट काढलं आणि चुलीत घातलं. "ह्या दारान माझो घोव खाल्लो," म्हणाली. घोव म्हणजे नवरा. मेलेल्या सासूवर असं रागावू नये, असं बायका म्हणाल्या. सुंदरा म्हणाली, "रागावतंय तर रागावतंय. ती असती तर तिच्या तोंडावर रागावलंय असतंय."

मग तिने स्वतःच शोध सुरू केला. सासूच्या हाताला वास यायचा तो रातांब्याच्या बियांच्या तेलाचा, एवढं तिला माहीत होतं. रातांबा म्हणजे कोकम. त्याच्या बिया वाळवून, कुटून, पाण्यात उकळल्या की पांढरं तेल वर तरंगतं, निवलं की घट्ट होतं आणि मुठीत दाबून त्याचे गोळे करतात. ते प्रत्येक घरात होतं. पण नुसत्या त्याने बेचक्या भरत नव्हत्या. त्यात आणखी काय? सुंदराने एक पाय औषधाचा ठेवला आणि एक बिनऔषधाचा. दोन्ही पायांनी ती मिठागरात उभी राहायची, घरी येऊन एका पायाला लावायची आणि दोन्हींकडे बघत बसायची. किनाऱ्यावरच्या उंडलाच्या बियांचं तेल घातलं, तेव्हा जखमेचा वास गेला. पण मलम पायावर टिकेना, खाऱ्या पाण्यात उतरलं की धुऊन जाई.

ते धरून ठेवील अशी राळ हवी होती. राळ म्हणजे झाडाचा चीक, आणि राळेचं झाड सड्यावर एकच होतं. त्याने कित्येक वर्षांत कोणाला थेंब दिला नव्हता. असं म्हणतात की सुंदरा भर उन्हात त्या झाडासमोर उभी राहिली आणि भांडायला लागली. "तुझ्याकडे आसा तर देत कित्याक नाय? तू पण माझी सासू काय?" सकाळपासून ती बोलत होती. लवूचं नाव घेतलं, पाय गेलेल्या एकेकाचं नाव घेतलं, आणि मध्येच तिचा आवाज फुटला. दुपार कलली तेव्हा झाडाच्या सालीतून पिवळी राळ घळाघळा वाहू लागली. सुंदरा पदर धरून उभी होती, आणि नवरा गेल्यापासून पहिल्यांदा रडत होती. झाडाने लाजेने दिली की कान किटले म्हणून दिली, यावर आमच्याकडे दोन पक्ष आहेत.

राळ उकळत्या तेलात घातली तर मलमाचा दगड होतो. चुलीवरून उतरवल्यावर घातली तर लोण्यासारखं मलम होतं. हे तिला कळायला बरेच दगड झाले. ते दगड आमच्या पायवाटेला लावलेत.

मलम झालं. गावाचे पाय भरून आले. रांगणारे उभे राहिले. तेव्हा अर्जुन घाडी तिच्या दारात आला. घाडी म्हणजे गावाच्या वतीने देवाशी बोलणारा मानकरी. तो म्हणाला, "सुंदरावयनी, देवान तुका दिला हा. आता जपून ठेव. कोणाक सांगशीत तर गुण जातलो."

सुंदरा म्हणाली, "गुण खंय जातलो? माझ्या सासून सांगूक नाय, तेचो गुण खंय गेलो ता माका म्हायत आसा."

घाडी म्हणाला, "गावाची रीत आसा."

"मगे मी गावाकच विचारतंय," सुंदरा म्हणाली.

आता आमच्याकडचं गाऱ्हाणं कसं असतं ते सांगायला हवं. जत्रेला देवळात सगळा गाव जमतो. घाडी नारळ हातात घेऊन मोठ्याने देवाला सांगणं करतो, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला सगळा गाव मान खाली घालून, डोळे मिटून म्हणतो, "व्हय म्हाराजा!" लहानपणापासून म्हणतो. काय म्हटलं ते नीट न ऐकताही म्हणतो. ही आमची सवय आहे, आणि देवासमोर व्हय म्हटलं की ते मागे घेता येत नाही, हीही आमचीच रीत आहे.

त्या जत्रेत अर्जुन घाड्याचं गाऱ्हाणं संपलं आणि तो घसा खाकरायला थांबला. लोकांनी डोळे अजून उघडले नव्हते. तेवढ्यात सुंदराने नारळ उचलला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणाला.

"तुझ्या लेकरांचे पाय मिठान खाल्ले म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेंका मलम करूचा तर रातांब्याच्या बियांचा तेल दोन वाटे घेवचा, उंडलाचा एक वाटो घेवचा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"चुलीवरसून उतरल्यारच राळ घालूची, आदी घातली तर धोंडो होतलो म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

इथे घाड्याने डोळे उघडले. पण तोपर्यंत औषध देवळाच्या बाहेर गेलं होतं. त्याने हात वर केले, ओरडला, पण सुंदराच्या आवाजापुढे त्याचं काय चालणार?

"ह्या जो लपयत, तेच्या जेवणाक मीठ मिळा नये म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जी बाय आपल्या मुठीन गोळो वळीत, तीच तेची धनीण, दुसरो कोण धनी नाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मग लोकांनी डोळे उघडले आणि एकमेकांकडे बघितलं. काय कबूल करून बसलो ते हळूहळू डोक्यात शिरलं. पण बोलून चुकले होते. असं म्हणतात की सुंदराचा आवाज खाडीपलीकडे गेला आणि पलीकडच्या गावांतले लोक भात झोडता झोडता, नांगर सोडता सोडता "व्हय म्हाराजा" म्हणाले. कोणाचं गाऱ्हाणं, कशाचं गाऱ्हाणं, कोणी विचारलं नाही. म्हणून ती गावंही या शब्दात बांधली गेली. आज आमच्या मलमाच्या मंडळीत खाडीच्या दोन्ही काठांची गावं आहेत ती अशी.

गुण गेला का? नाही गेला. घराघरात चुली पेटल्या, आणि सड्यावरचं झाडही त्यानंतर कधी आटलं नाही. प्रत्येक बाई आपल्या मुठीत गोळा दाबायची, तिच्या बोटांचे वळ त्यावर उठायचे, आणि ते वळ बघून कोणाचा गोळा ते कळायचं. नारळाच्या करवंटीत गोळा बसवायचा, वर पान बांधायचं, आणि मिठाच्या बैलांबरोबर घाटावर पाठवायचं. घाटावर कोणाच्या टाचा फुटत नाहीत? उसाच्या फडातल्या बायका, खाणीतले बेलदार, डाक घेऊन धावणारे हरकारे, सगळे "सुंदरामूठ द्या" म्हणून मागू लागले. बंदरातल्या काही व्यापाऱ्यांनी उठवलं की ही कोकणातली मूठ आहे, मंतरलेली आहे, हात लावू नका. त्यामुळे खप आणखी वाढला. मंतरलेलं फुकट कोण सोडतो?

करवंटी गेली, पत्र्याची डबी आली. घरच्या चुलींच्या जोडीला सड्यावर लांबलचक छपराखाली मोठ्या काहिली आल्या. पायांच्या मलमामागून भाजल्यावरचं मलम आलं, मग बाळाच्या अंगाचं तेल, मग जखमेच्या पट्ट्या. पण कोणत्याही कामात बाई दुसऱ्याची चाकर नव्हती. जिच्या मुठीने वळलं ती धनीण. छपराला भिंती बांधा म्हणून सांगितलं तेव्हा सुंदराकाकी म्हणाली, "खांब व्हये तितके घाला. भिंत नको."

आणि मग शहरातून शेठ आला. त्याचं नाव आम्ही घेत नाही, म्हणून मीही घेणार नाही. कोट, घड्याळ, बरोबर दोन माणसं. त्याने मलम हुंगलं, खांबांचं छप्पर बघितलं आणि जाहीर केलं की हे सगळं तो विकत घेतो. गावाला दगडी घरं बांधून देतो. अट एकच, औषध आता कोणाला सांगायचं नाही, कोणी घरी करायचं नाही, सगळ्यांनी त्याच्या भिंतीआड पगारावर यायचं.

दगडी घर कोणाला नको असतं? गाव डळमळला. सगळ्यात आधी अर्जुन घाडी म्हणाला, "घेवया. म्हातारपणी उबेत तरी बसतलंव." त्याला दोष देऊ नका, त्याच्या घराला त्या पावसात कुडाचीसुद्धा भिंत उरली नव्हती. पण सुंदराकाकीला दिसलं की सासूचं दार परत येतंय, यावेळी लोखंडाचं. आपण मेलो की हे औषध पुन्हा एका माणसाच्या तोंडात जाऊन बसणार, आणि कोणाचा तरी लवू पुन्हा मरणार. तिने शेठला पाट दिला, कोकमाचं सरबत दिलं आणि समोर बसून सगळं मलम सांगितलं. दोन वाटे, एक वाटा, राळ कधी, सगळं.

"जा," म्हणाली, "कर. तुका कोण नको म्हणता? विकत घेवचा काय आसा तेच्यात?"

शेठ गेला आणि त्याने मलम केलं. खरं सांगायचं तर त्याचं मलम चांगलं झालं. लोकांच्या पायांना गुण आला. हे ऐकून गाव हळहळला आणि सुंदराकाकी खूश झाली. "पाय बरे झाले मा? मगे रडतास कित्याक?" पण शेठला ते सोन्याच्या भावाने विकायचं होतं, आणि जे घराघरात चुलीवर शिजतं ते सोन्याच्या भावाने कोण घेणार? तेव्हा त्याने तालुक्याच्या कोर्टात दावा लावला की हे औषध म्हणजे त्याच्या घराण्याचं गुपित आहे, आणि खारवठारच्या बायकांनी ते चोरलं. चुली विझवा, असं त्याचं मागणं होतं.

कोर्टाच्या दिवशी दोन्ही काठांच्या बायका होड्यांनी गेल्या. असं म्हणतात की ओहोटी होती, खाडीत गुडघाभर पाणी नव्हतं, पण होड्या निघाल्या तशी भरती आली. कोर्टाचं आवार भरलं, झाडं भरली, कौलांवर माणसं चढली. न्यायाधीश कोकणातलाच होता. कुठला यावर वाद आहे, तीन गावं तो आपला म्हणतात. शेठचा वकील बोलला, बोलला, आणि म्हणाला की हे गुपित आहे.

सुंदराकाकी पिंजऱ्यात उभी राहिली. पाठीत वाकली होती, पण आवाज तोच होता.

"गुपित?" ती म्हणाली. "आयका तर. बा देवा म्हाराजा!"

आवारातून आवाज आला, "व्हय म्हाराजा!"

तिने अख्खं गाऱ्हाणं घातलं. एकेका वाक्याला कौलं थरथरली. सगळ्यात मोठा आवाज अर्जुन घाड्याचा होता, आणि तो रडत होता. पट्टेवाला म्हणाला, कारकून म्हणाला, बाहेर चहावाला म्हणाला. शेठचा वकीलही मालवणी मातीतला निघाला, त्याचे ओठ हलले ते शेठने बघितले. आणि "जी बाय आपल्या मुठीन वळीत, तीच तेची धनीण" असं काकी म्हणाली, तेव्हा, असं म्हणतात, मान खाली घालून, डोळे मिटून, न्यायाधीश म्हणाला, "व्हय म्हाराजा."

मग त्याने डोळे उघडले. एकदा व्हय म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? ज्याला सगळा मुलूख ओ देतो ते गुपित नव्हे, एवढंच त्याने लिहिलं आणि दावा फेटाळला.

त्यानंतर सुंदराकाकी बरीच वर्षं होती. आगबोटींनी मलम परमुलखात गेलं, सड्यावर मोठा कारखाना उभा राहिला, आणि कुठूनही कोणी बाई आली की काकी तिला खांबाशी बसवून औषध सांगायची. एकदा देशावरून एक धनगरीण आली, चालून चालून पाय सोललेली. काकी अंथरुणावर होती. उठून बसली, सांगायला लागली. दोन वाटे रातांब्याचं, एक वाटा उंडलाचं. आणि तिथेच तिचा श्वास थांबला. राळेचं राहिलं. भोवतालच्या बायका घाबरल्या, की सासूसारखंच झालं. पण ती धनगरीण काकीचा हात धरून म्हणाली, "आन राळ खाली उतरल्यावर. ठावं हाय मला, आई. आमच्या वाड्यावर समद्यांस्नी ठावं हाय. मी निस्ती तुला बघाया आले व्हते."

काकीने ते ऐकलं की नाही कोण सांगणार? आम्ही म्हणतो, ऐकलं.

कारखान्याला आज भिंत नाही असं नाही, सरकारी नियमांनी भिंत बांधावी लागली, यंत्रं आली, पांढऱ्या टोप्या आल्या. पण फाटकावर मलमाची कृती हातभर अक्षरांत रंगवलेली आहे, आणि मिठागरातून कोणी भेगाळल्या पायांनी आलं तर आधी त्याचे पाय धुतात, मग नाव विचारतात. आणि नवी बाई कामावर येते तेव्हा तिला लगेच आत घेत नाहीत. तिला सुंदराकाकीच्या नावाने फाटकाबाहेर उभी करतात आणि गाऱ्हाणं घालायला सांगतात. पोरी लाजतात, पुटपुटतात, पदराआड बोलतात. मग आतल्या म्हाताऱ्या ओरडतात, "आयकूक येवक नाय! परत!" समोरून रस्ता जातो, ट्रक, एस.टी., सायकली. तिने म्हणत राहायचं, आवाज चढवत राहायचं. रस्त्यावरून जाणारा कोणीतरी परका माणूस, न थांबता, न विचारता "व्हय म्हाराजा" म्हणाला, की मगच तिला आत घेतात.